एचपीव्ही लस : एक डोस, दोन की तीन, आणि मध्ये खंड पडला तर?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मुलीला साडेतेराव्या वर्षी एचपीव्ही लशीचा पहिला डोस दिला (एचपीव्ही हा लैंगिक संबंधांतून पसरणारा विषाणू, गर्भाशयमुखाचा कर्करोग बहुतेक वेळा त्याच्यामुळेच होतो). दुसरा सहा महिन्यांनी घ्यायचा होता. मध्ये तिचं आजारपण निघालं, मग परीक्षा आली, मग राहूनच गेलं. असं करत दीड वर्ष उलटलं. गेल्या महिन्यात तिला पंधरा पूर्ण झाली. आता एक जण सांगतो, पहिला डोस वाया गेला, नव्याने तीन घ्यावे लागतील. दुसरा सांगतो, हल्ली एकच डोस पुरतो, सोडून द्या. आणि जाता जाता तुम्ही विचारलंय की तुम्ही ४१ वर्षांच्या आहात, तुम्हीही ती घ्यावी का.

आधी उत्तर देते, कारणं मग. पहिला डोस वाया गेलेला नाही. राहिलेला दुसरा डोस जमेल तितक्या लवकर देऊन टाका. तिसरा लागणार नाही. अट एकच, तिला प्रतिकारशक्ती कमी करणारा आजार नसावा आणि तशी औषधंही चालू नसावीत. त्याबद्दल खाली लिहिते. तुमच्या स्वतःच्या लशीचं उत्तर इतकं सरळ नाही, म्हणून ते शेवटी.

हा घोळ मला जवळजवळ दर आठवड्याला निस्तरावा लागतो आणि त्याचं मूळ एकच असतं. डोस किती लागणार, हे मुलगी आज किती वर्षांची आहे यावर ठरत नाही. पहिला डोस दिला त्या दिवशी ती किती वर्षांची होती, यावर ठरतं. सर्वसाधारण नियमात पंधरावा वाढदिवस ही रेघ आहे. त्याआधी सुरुवात झाली असेल तर दोन डोस, दोहोंत ६ ते १२ महिन्यांचं अंतर. पंधरा पूर्ण झाल्यावर सुरुवात केली तर तीन: आज एक, एक किंवा दोन महिन्यांनी दुसरा, आणि पहिल्यापासून सहा महिन्यांनी तिसरा. तुमच्या मुलीने सुरुवात साडेतेराला केली, तेव्हा ती दोन डोसांच्या रांगेत आहे आणि त्याच रांगेत राहील. दुसरा डोस पंधराव्या वाढदिवसानंतर पडला म्हणून रांग बदलत नाही.

एकदा एक वडील मुलीच्या पंधराव्या वाढदिवसाच्या आदल्या संध्याकाळी, दवाखाना बंद व्हायच्या बेतात असताना तिला घेऊन आले. म्हणाले, ''डॉक्टर, आज दिली तर एक सुई वाचते ना?'' वाचते. मी दिली. दंडातल्या पेशींना वाढदिवस कळत नाही, हे त्यांनाही ठाऊक होतं आणि मलाही. पण रेघ कुठेतरी मारावी लागते आणि ती पंधरावर का मारली, याला कारण आहे.

ही लस सुरुवातीला तपासली गेली ती साधारण १६ ते २६ वयाच्या तरुणींमध्ये, तीन डोस देऊन. कर्करोगाच्या आधी गर्भाशयमुखावर जे बदल दिसतात ते लसीमुळे टळतात का, हे त्यांच्या प्रत्यक्ष तपासणीतून पाहिलं गेलं. दहा-बारा वर्षांच्या मुलींची तशी तपासणी करणं शक्यही नव्हतं आणि योग्यही नव्हतं. म्हणून त्यांच्या बाबतीत रक्तातली प्रतिपिंडं, म्हणजे विषाणूला अडवणारी प्रथिनं (अँटिबॉडीज), मोजली. तेव्हा दिसलं की लहान मुलींचं शरीर या लशीला फार जोरात उत्तर देतं. सहा महिन्यांच्या अंतराने दोनच डोस घेतलेल्या मुलींची प्रतिपिंडं तीन डोस घेतलेल्या तरुणींपेक्षा कमी भरली नाहीत. त्यावरून पंधराच्या आतल्यांचा तिसरा डोस निघाला. लस लवकर द्या असं आम्ही सांगतो त्यामागचं अर्धं कारण हे आहे. उरलेलं अर्धं म्हणजे ही लस विषाणू शरीरात शिरण्याआधी काम करते, शिरलेल्याला बाहेर काढत नाही. म्हणून लैंगिक आयुष्य सुरू होण्याच्या बरंच आधी, ९ ते १४ हे वय सगळ्यात फायद्याचं.

आता अंतराबद्दल. पालकांना धास्ती असते ती उशिराची. मला धास्ती वाटते ती घाईची.

पहिल्या डोसनंतर काखेतल्या लसिकाग्रंथींमध्ये काही पेशी लशीतल्या विषाणूसारख्या कणांचा आकार ओळखायला शिकतात. त्यांतल्या चांगल्या निवडल्या जाणं, कच्च्या गळून जाणं, उरलेल्यांची पकड घट्ट होणं, या कामाला महिने लागतात. दुसरा डोस म्हणजे या तयार झालेल्या पेशींना दिलेली हाक. ती लवकर दिली तर निम्म्या पेशी अजून शिकतच असतात. उशिरा दिली तर तयार पेशी वाट पाहत असतात, त्या कुठे जात नाहीत. म्हणून कमीत कमी अंतराचा नियम कडक आहे आणि जास्तीत जास्त अंतराची सक्तीच नाही. दीड वर्ष झालं काय, तीन वर्षं झाली काय, पहिला डोस पहिलाच राहतो. मोजणी पुन्हा एकपासून सुरू करायची नाही.

घाई झालेल्या मुलीचं उदाहरण देते. बारा वर्षांची मुलगी. पहिला डोस १० जानेवारीला. दुसऱ्या ठिकाणी कुणीतरी भिंतीवरचा मोठ्यांचा तक्ता बघून १२ मार्चला, म्हणजे दोनच महिन्यांनी, दुसरा दिला. आई कार्ड घेऊन माझ्याकडे आली तेव्हा खूश होती, ''झाले दोन्ही.'' झाले नव्हते. पंधराच्या आतल्या मुलीच्या दोन डोसांत पाच महिन्यांपेक्षा कमी अंतर असेल तर तिसरा द्यावाच लागतो. तो कधी? पहिल्यापासून किमान पाच महिने म्हणजे १० जून. दुसऱ्यापासून किमान १२ आठवडे म्हणजे ४ जून. शिवाय लशीसोबतच्या माहितीपत्रकात कधी दुसऱ्या-तिसऱ्यात चार महिने ठेवा असंही असतं, म्हणजे १२ जुलै. मी त्यांना जुलैच्या मध्यावर बोलावलं, सगळ्या अटी एका तारखेत बसल्या. नुकसान म्हणाल तर एक जादा सुई. तिला जी रडारड करायची होती ती तिने केली आणि ते रास्तच होतं.

तीन डोसांच्या वेळापत्रकातही हेच किमान आकडे लक्षात ठेवायचे: पहिल्या-दुसऱ्यात ४ आठवडे, दुसऱ्या-तिसऱ्यात १२ आठवडे, पहिल्या-तिसऱ्यात ५ महिने. यापेक्षा जवळ दिलेला डोस धरत नाहीत, तो नंतर पुन्हा द्यावा लागतो. परगावी शिकायला जाणाऱ्या मुली ''जायच्या आधी तिन्ही उरकून टाका ना'' म्हणतात, तेव्हा मी एक देते, तारखा लिहून देते आणि उरलेले तिकडे घ्यायला सांगते.

एका डोसची गोष्ट सांगण्यासारखी आहे, कारण ती राहून गेलेल्या डोसांमधूनच जन्मली. भारतात २००९ मध्ये एक मोठा अभ्यास सुरू झाला होता. १० ते १८ वर्षांच्या मुलींमध्ये दोन डोस आणि तीन डोस यांची तुलना करायची होती. एका डोसचा प्रश्न त्यात नव्हताच. २०१० मध्ये अभ्यासाबाहेरच्या कारणांनी देशातल्या अशा चाचण्यांमधलं लसीकरण थांबवलं गेलं आणि सुमारे पाच हजार मुली एकाच डोसवर राहिल्या. संशोधकांनी त्यांना सोडून दिलं नाही, वर्षानुवर्षं त्यांचा पाठपुरावा केला. साधारण नऊ वर्षांनंतर दिसलं की या विषाणूच्या १६ आणि १८ क्रमांकाच्या, कर्करोगाला सगळ्यात जास्त कारण होणाऱ्या प्रकारांच्या टिकून राहणाऱ्या संसर्गापासून त्यांना सुमारे ९५ टक्के संरक्षण होतं, दोन-तीन डोसवाल्यांच्या तोडीस तोड. कोस्टा रिकामधल्या अभ्यासातही ज्यांचे पुढचे डोस राहिले होते त्यांच्यात असंच दिसलं होतं. पण या सगळ्या ठरवून एका डोसवर ठेवलेल्या मुली नव्हत्या, म्हणून शंकेला जागा होती. मग केनियात १५ ते २० वर्षांच्या मुलींमध्ये रीतसर चिठ्ठ्या टाकाव्यात तशी वाटणी करून एक डोस तपासला. दीड वर्षाच्या अखेरीस संरक्षण ९७.५ टक्के निघालं.

या पुराव्यावर जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२२ मध्ये भूमिका बदलली. ९ ते १४ च्या मुलींना एक किंवा दोन डोस, १५ ते २० च्या मुलींनाही एक किंवा दोन, २१ च्या पुढे सहा महिन्यांच्या अंतराने दोन. ऑस्ट्रेलिया आणि ब्रिटन २०२३ मध्ये एका डोसवर आले. म्हणजे तुम्हाला ''एकच पुरतो'' सांगणारा खोटं बोलत नाहीये आणि ''पंधरानंतर तीन'' सांगणाराही नाही. एक जण नव्या जागतिक शिफारशीवरून बोलतोय, दुसरा लशीच्या माहितीपत्रकावरून आणि बऱ्याच देशांच्या चालू नियमांवरून. दोन्ही आज एकाच वेळी चालू आहेत, त्यामुळे कार्डं जुळत नाहीत.

मग मी काय करते? सार्वजनिक मोहिमेत किंवा शाळेत मुलीला एक डोस मिळाला असेल आणि ती निरोगी असेल, तर ती अर्धवट लसवंत आहे असं मी म्हणत नाही आणि पालकांना घाबरवत नाही. हजार लशी असतील तर पाचशे मुलींना दोन-दोन देण्यापेक्षा हजार मुलींना एकेक देणं केव्हाही बरं, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण दवाखान्यात समोर एकच मुलगी बसलेली असते आणि तिने दोन डोसांचं वेळापत्रक सुरू केलेलं असतं, तेव्हा मी दुसरा देते. दोन डोसांच्या मागे जास्त वर्षांची नोंद आहे आणि दुसऱ्या डोसने तोटा काही होत नाही. तुमच्या मुलीला दुसरा घ्या म्हणते ते याच हिशेबाने. तो आजवर राहिला म्हणून ती उघड्यावर होती, असं मात्र अजिबात नाही.

जिथे मी एका डोसवर थांबत नाही आणि दोनवरही नाही, तो गट म्हणजे प्रतिकारशक्ती कमी असलेली मुलं-मुली. एचआयव्हीसह जगणारी, अवयव प्रत्यारोपण झालेली, कर्करोगाचे उपचार चालू असलेली, स्टेरॉइड मोठ्या मात्रेत बरेच दिवस घेणारी, संधिवातासारख्या आजारासाठी प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू असलेली. यांना वय नऊ असो की चौदा, तीन डोसांचं वेळापत्रक. दमा, मधुमेह, हृदयविकार किंवा सिकलसेल असलेली मुलं या यादीत येत नाहीत, त्यांना वयाप्रमाणे नेहमीचेच डोस. दम्याच्या पंपात स्टेरॉइड असतं म्हणून तीन डोस द्यायला निघालेले लोक मी पाहिलेत. पंपातली मात्रा तेवढी नसते.

आता प्रत्यक्ष सुई. हे सविस्तर लिहिते, कारण पालक यावर कधी विचारत नाहीत आणि मला सगळ्यात जास्त चुका इथेच दिसल्यात.

लस २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये, उजेडापासून झाकून ठेवायची असते. जास्त वेळ बाहेर राहणं वाईट, पण गोठणं त्याहून वाईट. या लशीतले कण ॲल्युमिनियमच्या क्षारावर बसवलेले असतात. एकदा बर्फ झाला की ते क्षार गुठळ्या करतात आणि वितळल्यावर लस दिसायला लशीसारखीच राहते, कामाची राहत नाही. सुरुवातीच्या वर्षांत माझ्याच फ्रिजमध्ये एक खोका मागच्या थंड पत्र्याला टेकून राहिला होता. सकाळी कुप्या हाताला नेहमीपेक्षा गार लागल्या. एक हलवली आणि टेबलावर ठेवली, शेजारी दुसऱ्या कप्प्यातली चांगली कुपी हलवून ठेवली. चांगली बराच वेळ दुधट राहिली. गोठलेल्या कुपीत काही मिनिटांत कण खाली बसले आणि वर पाण्यासारखा थर दिसू लागला. अख्खा खोका टाकून दिला. तेव्हापासून फ्रिजमध्ये मागच्या पत्र्याला आणि दाराला काही ठेवायचं नाही हा आमच्याकडचा नियम आहे आणि तापमानाची वही दिवसातून दोनदा भरली जाते. तुम्ही लस कुठूनतरी विकत आणून दवाखान्यात देणार असाल, तर ती घरी ठेवू नका. थंड डब्यातून आणा, पण कुपी बर्फाच्या गोळ्याला थेट टेकवू नका.

देण्याआधी कुपी किंवा भरलेली सिरिंज नीट हलवायची. ठेवून दिलेल्या कुपीत तळाला पांढरं बसलेलं असतं, हलवल्यावर सगळं एकसारखं पांढुरकं दिसलं पाहिजे. मात्रा अर्धा मिलिलिटर, वय काहीही असो. नऊ वर्षांच्या मुलीला कमी आणि मोठ्या बाईला जास्त, असं नसतं.

सुई दंडात, खांद्याच्या खालच्या त्रिकोणी स्नायूत. खांद्याचं टोकाचं हाड बोटाने चाचपायचं, तिथून दोन-तीन बोटं खाली, स्नायूच्या जाड भागात, काटकोनात. फार वर टोचली तर लस सांध्याजवळ जाते आणि खांदा महिनोन्महिने दुखत राहू शकतो. हे टाळायला एकच युक्ती आहे, बाही खांद्यापर्यंत पूर्ण उघडी करायची. घट्ट बाही वर सरकवली की दंड आवळला जातो आणि जागा चुकते. मी मुलींना आधीच सैल बाहीचा कपडा घालून या म्हणते. दंड फारच बारीक असेल तर मांडीचा पुढचा-बाहेरचा भाग चालतो. कुल्ल्यावर ही लस देत नाहीत, तिथे चरबीचा थर जाड असतो आणि लस स्नायूपर्यंत पोचण्याची खात्री नसते. हात सैल सोडायला सांगते, मांडीवर ठेवून. घट्ट आवळलेल्या दंडात ही लस जास्त झोंबते. तशीही ती इतर लशींपेक्षा थोडी झोंबतेच, हे मी आधी सांगून टाकते. ''मुंगी चावल्यासारखं'' असं सांगितलं की मुलीचा पुढच्या वेळी आपल्यावर विश्वास राहत नाही.

सुई झाल्यावर पंधरा मिनिटं बसून राहायचं. हा नियम रिकामा नाही. किशोरवयीन मुलं-मुली कुठल्याही सुईनंतर चक्कर येऊन पडतात. दोष लशीचा नसतो, भीती आणि वेदनेने रक्तदाब एकदम उतरतो. माझ्याकडे एक उंच, धीट दिसणारी मुलगी ''मला काही होत नाही'' म्हणत उठली आणि दारातच कोसळली, चौकटीला कपाळ लागलं. दोन टाके घातले. लशीने तिला काही झालं नाही, माझ्या ढिलाईने झालं. आता बसूनच देते, जिचा चेहरा पांढरा पडतो तिला झोपवून देते, आणि पंधरा मिनिटं घड्याळ लावून मोजते. त्याच वेळात खरी ॲलर्जीची तीव्र प्रतिक्रियाही लक्षात येते. ती फार विरळ आहे, दहा लाख डोसांत साधारण दोनांपेक्षा कमी. तरी ॲड्रेनलिनचं इंजेक्शन हाताशी नसलेल्या ठिकाणी लस घेऊ नये, ही आणि अशीच दुसरी कुठलीही.

घरी गेल्यावर दंड दुखेल, थोडा सुजेल, लाल होईल. काहींना अंगात कसकस, डोकेदुखी, मळमळ. एक-दोन दिवसांत जातं. दुखऱ्या जागी गार कापड ठेवा, लागलं तर पॅरासिटामॉल द्या. चोळू नका. हात हलता ठेवला तर लवकर मोकळा होतो.

कुणाला द्यायची नाही? आधीच्या डोसने किंवा लशीतल्या घटकाने तीव्र ॲलर्जी झालेल्यांना. काही उत्पादनं यीस्टमध्ये बनतात, त्यामुळे यीस्टची तीव्र ॲलर्जी असेल तर ती चालत नाहीत. अंगात चांगलाच ताप असेल तर बरं वाटेपर्यंत थांबायचं. साध्या सर्दीसाठी थांबायचं कारण नाही. पाळी चालू असताना घेतली तर चालते, हा प्रश्न मुली आईच्या कानात विचारतात म्हणून इथे मोठ्याने लिहिते. गरोदरपणात देत नाहीत. डोस झाल्यावर गरोदर असल्याचं कळलं तर घाबरायचं आणि काही करायचं कारण नाही, उरलेले डोस बाळंतपणानंतर घ्यायचे. अंगावर पाजत असताना चालते. लस देण्याआधी गरोदरपणाची किंवा एचपीव्हीची तपासणी लागत नाही. शाळेच्या वयातल्या दुसऱ्या लशी त्याच दिवशी देता येतात, शक्यतो दुसऱ्या हाताला.

लशीत जिवंत विषाणू आहे का, हा प्रश्न हमखास येतो. नाही, मेलेलाही नाही. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँड विद्यापीठात १९९१ च्या सुमारास इयान फ्रेझर आणि जियान झोऊ यांनी दाखवलं की या विषाणूच्या बाहेरच्या कवचाचं एक प्रथिन प्रयोगशाळेत बनवलं तर ते आपोआप गोळा होऊन विषाणूसारखा पोकळ गोळा तयार होतो. आत जनुकं नाहीत. त्यामुळे लशीतून संसर्ग होणं शक्य नाही. शरीर फक्त बाहेरचा आकार ओळखायला शिकतं.

आकार कितींचे, यावर लशीचे प्रकार पडतात. दोन प्रकारांविरुद्धची लस १६ आणि १८ ला रोखते. गर्भाशयमुखाच्या कर्करोगांपैकी सुमारे ७० टक्के या दोघांमुळे होतात. चार प्रकारांच्या लशीत ६ आणि ११ ची भर असते, ते गुप्तांगावरच्या चामखिळींना कारण होतात. नऊ प्रकारांच्या लशीत आणखी पाच असतात आणि पोच साधारण ९० टक्क्यांवर जाते. शक्यतो सुरुवात ज्या लशीने केली तिनेच पूर्ण करावं. पण तुमच्या बाबतीत दीड वर्षांनी ती मिळत नसेल किंवा पहिली कोणती दिली होती हेच सापडत नसेल, तर मिळेल ती घ्या. नेमकी तीच हवी म्हणून आणखी सहा महिने घालवण्यात अर्थ नाही.

मुलगा असेल तर? तीच लस, तेच वयाचे नियम. घसा, गुदद्वार आणि लिंगाचे काही कर्करोग याच विषाणूंमुळे होतात. लशी मोजक्याच असतील तेव्हा आधी मुली, हे मला पटतं. लस उपलब्ध असेल तर मुलाला नाही म्हणायचं कारण नाही.

आता तुमचं. नऊ प्रकारांच्या लशीला काही देशांत ४५ वर्षांपर्यंत मंजुरी आहे, तेव्हा घेता येते का याचं उत्तर होय. घ्यावी का, हे वेगळं. ४१ व्या वर्षी, बरीच वर्षं संसार झालेल्या बाईला या विषाणूंपैकी काहींशी गाठ बहुधा पडून गेलेली असते आणि ज्याच्याशी पडली त्यावर लस काही करत नाही. ज्याच्याशी पडलेली नाही त्यापासून ती वाचवेल, पण हा लाभ मुलीच्या मानाने थोडा. स्वीडनमधल्या मोठ्या नोंदींत १७ व्या वर्षाआधी लस घेतलेल्यांमध्ये गर्भाशयमुखाचा कर्करोग ८८ टक्क्यांनी कमी दिसला. उशिरा घेतलेल्यांमध्ये फायदा होता, पण कमी. नवं नातं सुरू होणार असेल तर माझं उत्तर बदलू शकतं आणि तो बोलायचा विषय आहे, लाजायचा नाही.

तुमच्या वयाला लशीपेक्षा जास्त उपयोगाची गोष्ट म्हणजे गर्भाशयमुखाची तपासणी. जागतिक आरोग्य संघटना तिसाव्या वर्षापासून दर ५ ते १० वर्षांनी एचपीव्ही चाचणी सुचवते, एचआयव्ही असेल तर पंचविसाव्या वर्षापासून आणि दर ३ ते ५ वर्षांनी. ती चाचणी तुमची कधी झाली, हे तुम्ही लिहिलेलं नाही. न लिहिणाऱ्या बहुतेकींची झालेली नसते, असा माझा अनुभव. मुलीच्या दुसऱ्या डोसच्या दिवशीच तुमची तपासणी करून घ्या, एका फेरीत दोन्ही होईल. आणि मुलीला तीस वर्षांची झाल्यावर तपासणी लागणारच आहे, लस घेतली असली तरी, कारण सगळे प्रकार कुठल्याच लशीत नाहीत.

येताना जुनं कार्ड आणा. नसेल तर जिथे पहिला डोस झाला तिथून तारीख, लशीचं नाव आणि बॅच क्रमांक लिहून घ्या. दुसऱ्याचंही तेच तिथेच उतरवून घ्या, आणि कार्डाचा फोटो मुलीच्या स्वतःच्या फोनमध्ये ठेवा.